संकल्पातला पत्ता

नेवासे,
श्रावण वद्य दशमी

चि. अदितीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, म्युनिकमध्ये गणपती बसवताना संकल्पात 'दंडकारण्ये देशे' म्हणायचं का?" मी हसलो. आईही हसली. फोन ठेवल्यावर मात्र मला काही चैन पडेना. चाळीस वर्षं दर भाद्रपदात हातात पळीभर पाणी घेऊन मी ते शब्द गुरुजींच्या मागून म्हणत आलोय. गुरुजी घाईत, त्यांना पुढची पंधरा घरं करायची असतात. मी घाईत, कारण आईने उकडीवर ओलं फडकं टाकून ठेवलेलं असतं. ते शब्द मी तोंडाने म्हटले, कानाने कधी ऐकले नाहीत. तू ऐकलेस.

मग सकाळी अंघोळ झाल्यावर एकटाच बसून सावकाश म्हणून पाहिले. ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे, भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. आणि हे सगळं झाल्यावर 'मम आत्मनः'. अगं, हा तर पत्ता आहे! पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग घर, गल्ली, गाव, शेवटी देश. संकल्प उलटा चालतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून निघतो आणि उतरत उतरत ताम्हणासमोर बसलेल्या माणसाच्या 'मी'पाशी येऊन थांबतो.

आता आधी माझी एक फजिती कबूल करतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवर मी तो मेसेज पुढे ढकलला होता ना, 'ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय 454 कोटी, ऋषींना सगळं ठाऊक होतं' असा? तू खाली एवढंच लिहिलंस, "बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर ना?" राग आला होता. परवा दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा तो एक दिवस. त्यात 14 मन्वंतरं, त्यांतली सहा संपली, सातवं चालू. एका मन्वंतरात 71 महायुगं, एक महायुग 43 लाख 20 हजार वर्षांचं. मध्ये संधिकाल. चालू मन्वंतरातलं अठ्ठाविसावं महायुग, त्यातलं हे कलियुग. सगळी बेरीज केली तर हा कल्प सुरू होऊन 197 कोटी 29 लाख वर्षं होतात. म्हणजे 432 कोटी हा सबंध दिवस, आणि आपण तर अजून दुपारही गाठलेली नाही! पृथ्वीच्या वयाशी तो आकडा जुळतो तो न वाचता जुळवला म्हणूनच. तुमच्या शास्त्रज्ञांचं विश्व 1380 कोटी वर्षांचं, ते या हिशेबात कुठेच बसत नाही. चाळीस वर्षं मुलांना 'पायऱ्या दाखवा, उत्तर नुसतं लिहू नका' म्हणून ओरडलो आणि स्वतः नुसतं उत्तर लिहून मोकळा झालो.

पण त्या आकड्यांचं मोल माझ्या लेखी त्याने कमी झालं नाही, उलट वाढलं. विमानं नाहीत, दुर्बिणी नाहीत, अशा काळात माणसाने कोटींच्या कोटी वर्षं मनात धरायची हिंमत केली, आणि ती पूजेच्या सुरुवातीला, सुपारीवर अक्षता टाकण्याआधी म्हणायला लावली. एवढ्या पसाऱ्यात तू आज, इथे बसली आहेस. मग कर पूजा.

आपल्या गावात हा पत्ता आणखी एकाने लिहून ठेवलाय, ते मला याच विचारात आठवलं. 'ऐसे युगीं परी कळीं । आणि महाराष्ट्रमंडळीं । श्रीगोदावरीच्या कूलीं', ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. पुढे महालयेचं नाव येतं, म्हणजे आपल्या ग्रामदैवताचं, मोहिनीराजाचं. शके 1212, म्हणजे 1290. एवढा मोठा ग्रंथ संपवताना त्यांना युग, मग मंडळ, मग नदी, मग गाव सांगावंसं वाटलं. तू लहानपणी ज्या खांबाला हात लावून 'हा पैशाचा खांब का?' विचारायचीस, तो पैसाचा खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं म्हणतात. पैस म्हणजे ऐसपैस जागा, अवकाश. त्या खांबावर ज्ञानेश्वरांच्याही आधीचा लेख आहे, देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. म्हणजे त्यांनी पाठ टेकली तेव्हा मागे कुणाच्या तरी तेलाचा हिशेब कोरलेला होता. मला हे फार आवडतं. अवकाशाचं नाव असलेल्या खांबावर तेलाची नोंद!

असो. तुझा खरा प्रश्न दंडकारण्याचा नव्हता, हे मला कळतं. तू हळूच विचारलंस, "आणि हे सगळं सुरू कुठून झालं, हे आपल्यात कुणी सरळ सांगितलंय का?"

सरळ नाही. खूप जणांनी खूप तऱ्हांनी सांगितलंय, आणि ते एकमेकांशी भांडतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129 वं सूक्त तुला ठाऊक आहे, नासदीय. आमच्या पिढीला ते दूरदर्शनच्या एका मालिकेमुळे रविवारी सकाळी कानावर पडलं, नाहीतर वेद आमच्या घरात कोण उघडत होतं! सातच ऋचा आहेत. तेव्हा सत् नव्हतं, असत्‌ही नव्हतं. अंधाराने झाकलेला अंधार होता. मग 'काम' आला, इच्छा, आणि ती मनाचं पहिलं बीज होती. बघ, जग अजून नाही आणि मनाची गोष्ट निघाली. कवींनी ही गाठ कुठे शोधली? तर हृदयात. पुढे म्हणतो, देवसुद्धा या सृष्टीच्या नंतरचे, मग सांगणार कोण? आणि शेवट: जो वर परम व्योमात बसून हे सगळं पाहतो, त्यालाच ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा त्यालाही नसेल.

कुठलं धर्मपुस्तक असं लिहून थांबतं? पुराणिकबुवांना विचारलं तर ते यावरून झर्रकन पुढे सरकतात, मी पाहिलंय.

सांख्य दर्शनवाल्यांनी मात्र हात झटकले नाहीत, त्यांनी यादीच केली. जड प्रकृती, तिच्यातून महत् म्हणजे बुद्धी, बुद्धीतून अहंकार, अहंकारातून मन, इंद्रियं, तन्मात्रा म्हणजे शब्द-स्पर्शासारखी सूक्ष्म तत्त्वं, त्यांतून पंचमहाभूतं. पुरुष धरून पंचवीस तत्त्वं. यातली गंमत तुझ्या कामाची आहे. त्यांच्या हिशेबात मन, बुद्धी, 'मी'पणा हे सगळं जडात मोडतं, मातीच्याच घरातलं. तू म्हणतेस, मन म्हणजे मेंदूचं काम. सांख्याचा पंडित म्हणेल, बरोबर, त्यात भांडण कुठे आहे? त्याचा पुरुष वेगळा, काहीच न करणारा, नुसता पाहणारा.

तू भूल देणारी डॉक्टर झालीस तेव्हापासून मला हा शब्द टोचतो. इंग्रजीत काय असेल ते असो, आपल्या भाषेत भूल म्हणजे चूकही, भुरळही, विसरही. वेदान्ती म्हणतात जग म्हणजे भूल, दोरीवर दिसलेला साप. आणि माझी मुलगी ती सुईतून देते. बॉस्टनला 1846 साली ईथर हुंगवून भर सभेत पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून तुम्ही लोक 'मी' बंद करता आणि पुन्हा चालू करता. आणि तूच सांगितलंस की औषध तो नेमका कसा बंद करतं, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही.

माझ्या पित्ताशयाच्या वेळी नगरला मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. ठरवलं होतं की पाहायचं, पाहणारा उरतो का. मांडूक्य उपनिषदाची बारा मंत्रांची पोथी रात्री वाचून गेलो होतो: जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि त्यापलीकडची चौथी अवस्था. वेदान्त्यांचा जुना दाखला आहे, गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही'. काही कळलं नाही हे ज्याला कळलं तो झोपेतही जागा होता. पक्कं मनात धरून टेबलावर झोपलो. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काका, दीर्घ श्वास घ्या." मी घेतला. आणि त्याच श्वासाच्या शेवटी नर्स म्हणाली, "काका, झालं, डोळे उघडा."

मधले दोन तास नव्हतेच. सुखही नाही, अंधारही नाही. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, भूल म्हणजे झोप नव्हे. माझे पेशंट उठून विचारतात, कधी सुरू करणार?" त्या दिवसापासून तो दाखला मी कुणाला देत नाही. ज्याला देता येतो त्याने द्यावा. वेदान्ती त्यावर उत्तर देतील की आठवण नसणं आणि साक्षी नसणं या दोन गोष्टी आहेत. तेही खोडून काढता येत नाही. पण मी टेबलावर होतो आणि ते नव्हते.

मग माझ्याजवळ काय उरलं, तर पुन्हा आपलाच गाववाला. 'अमृतानुभवा'ची दहा प्रकरणं, त्यांतलं सातवं सगळ्यांत मोठं, त्याचं नाव अज्ञानखंडन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावलो, कारण सगळे म्हणतात जग अज्ञानातून झालं, आणि हा विशीतला पोरगा म्हणतो, अज्ञान दाखवा मला! ते आहे असं म्हणायलाही ज्ञानच लागतं की. म्हणजे भूल पडली म्हणून जग दिसतं, हेच त्याला मान्य नाही. त्याचं म्हणणं, जे चैतन्य आहे तेच जग होऊन खेळतंय. अभ्यासक त्याला चिद्विलास म्हणतात. चांगदेवाला लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत हे दोन ओळींत आहे: 'सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें । तेंवि न वेंचतां जग होणें । अंगें जया'. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनं कमी होत नाही. न वेचता, म्हणजे काही खर्च न होता. तुमच्या भौतिकशास्त्रात हे चालेल का, मला विचारू नकोस. मला ते पदार्थाबद्दल वाटतच नाही. आईच्या पाटल्या मोडून तुझी बांगडी केली, तेव्हा सोनार घट धरणारच. ज्ञानोबांचा सोनार धरत नाही.

या ओव्या ज्या पत्राचं उत्तर, ते चांगदेवाचं पत्र म्हणजे कोराच कागद होता अशी कथा आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी, समोर लहान मूल, मायना काय लिहावा, तीर्थरूप की चिरंजीव? तेच सुचेना, म्हणून कोरा पाठवला. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून कोराच राहिलास. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मीही बराच वेळ कोऱ्या कागदाकडे पाहत होतो, पण माझा मायना तरी ठरलेला होता.

तू अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करणार आहेस म्हणालीस. त्यात 'त्वं अवस्थात्रयातीतः' येतं तिथे जरा थांब. जागेपण, स्वप्न, झोप या तिन्हींच्या पलीकडचा. तुझी भूल यातली कितवी अवस्था, हे त्या ऋषीला विचारायला हवं होतं. आणि 'सर्वं जगदिदं त्वत्तो जायते' हे समोरच्या शाडूच्या मूर्तीकडे पाहून म्हणतात, जी तू आदल्या दिवशी स्वतः मळलेली असशील. जग तुझ्यातून झालं, असं तिला सांगायचं आणि दीड दिवसाने बादलीत विरघळवायचं. लहानपणी तू यावर रडायचीस. मला अजूनही तो बादलीचा भाग बघवत नाही, आईच करते.

आता संकल्प. जंबुद्वीपात युरोप येतो की नाही, यावर गुरुजींशी अर्धा तास वाद झाला. ते येतो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग त्यांना दुसरीकडे जायचं होतं. माझं मत: जिथे बसली आहेस तिथलाच पत्ता सांग. दंडकारण्य तुझ्या खिडकीतून दिसत नाही, ते म्हणू नकोस. कल्प, मन्वंतर, कलियुग तसंच ठेव, ते सगळीकडे सारखं. नदी बदल. 'इसारनद्यास्तीरे' म्हण, व्याकरणात बसतं, मी पडताळून घेतलंय. एकच अडचण आहे. गोदावरी पूर्वेला जाते म्हणून तिला दक्षिण तीर आहे. नकाशात पाहिलं तर इसार तुमच्या गावातून उत्तरेला वाहते. तिचे तीर पूर्वेचा आणि पश्चिमेचा. तेव्हा तुझं घर पुलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते चतुर्थीच्या आत कळव, म्हणजे 'पूर्वे' की 'पश्चिमे' ते लिहून पाठवतो.

आई म्हणते, तिथल्या तांदळाच्या पिठाची उकड मऊ होत नसेल तर पाण्यात चमचाभर तूप घाल.

तुझे,
बाबा