अडकणाऱ्या गुडघ्याला ‘झीज’ म्हणून सोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुडघेदुखीवर वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते, पण त्यात भर असतो तो वयोमानाने होणाऱ्या झिजेवर. गुडघा दुखतो आणि मधूनच अडकतो ही तक्रार निराळी आहे. तिलाही झीजच समजल्यामुळे माझे चार महिने वाया गेले, म्हणून हे पत्र.

उकिडवी बसून उठताना माझा उजवा गुडघा वाकलेलाच राहिला. पाय सरळ करू गेले की अगदी शेवटी आत काहीतरी आडवे येई; सैल सोडून हळूहळू हलवला की ‘कट्’ आवाज होऊन तो मोकळा होई. एक्स-रेत थोडी झीज दिसली आणि वेदनाशामक गोळ्यांवर भागले. एक्स-रेत हाडे दिसतात, त्यांच्यामधली गादी दिसत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. पाय रोवलेला असताना गुडघा पिळवटला की गादी फाटते, आणि दाराखाली पायपुसण्याची कड दुमडून बसावी तसा तिचा सुटलेला तुकडा सांध्यात अडकतो. कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाचा, किंवा हाडाचा सुटा कण सांध्यात फिरत असेल, तरी हेच घडते, आणि असा कण कधी कधी एक्स-रेत सापडतोही. मात्र काही वेळा आत अडथळा काहीच नसतो. वाटीमागची कूर्चा खरखरीत झालेली असते किंवा गुडघ्यात पाणी साचलेले असते, आणि वेदनेमुळे स्नायू आखडून पाय थबकतो. म्हणूनच डॉक्टरांना ‘गुडघा धरतो’ एवढेच न सांगता, पाय प्रयत्न करूनही सरळ होत नाही की दुखते म्हणून आपण तो थांबवतो, हे स्पष्ट सांगावे. निदानाची दिशा बरीचशी त्यावरून ठरते.

पन्नाशीनंतर मुळीच न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या एमआरआयमध्येही गादी फाटलेली आढळते, त्यामुळे केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रियेला घाबरण्याचे किंवा घाई करण्याचे कारण नाही. पुष्कळांना मांडीच्या स्नायूंच्या व्यायामानेच आराम पडतो. खरोखर अडकून बसलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. गादीच्या बाहेरच्या कडेलाच चांगला रक्तपुरवठा असल्याने तिथली ताजी फाट दुर्बिणीतून टाके घालून जुळू शकते, पण उशीर झाला की तुकडा खराब होत जातो. माझा तुकडा शिवण्याजोगा राहिला नव्हता. तो कापून काढावा लागला.

अडकलेला पाय कोणाकडून ओढून घेऊ नये. मार लागल्यावर काही तासांतच गुडघा टम्म सुजला, तर आत रक्तस्राव झाला असण्याची, म्हणजे लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) तुटल्याची किंवा हाड मोडल्याची शक्यता असते. गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला, तर जंतुसंसर्गाच्या शंकेने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या आरोग्यविषयक पानावर एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून या विषयावर, गुडघ्याच्या आतल्या रचनेच्या आकृतीसह, लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक