घरात मांजर आहे का, एवढं तरी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आईची किडनी बदलून दीड वर्ष झालं. डिस्चार्जच्या कागदावर पाणी किती प्यायचं, मास्क लावायचा, उघड्यावरचं खायचं नाही, सगळं होतं, पण शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात मनी नावाचं मांजर आईच्या गोधडीत झोपतं हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगावंसं वाटलं नाही, मांजराचा आणि किडनीचा काय संबंध?

श्रावणात मनीनं मनगटावर ओरखडा काढला. हळद लावली, विसरलो. दोन-तीन आठवड्यांनी काखेत लिंबाएवढी गाठ आणि ताप. मग सोनोग्राफी, टीबीची टेस्ट, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, नको त्या रोगाचं नाव कोण काढंना. तिसऱ्या डॉक्टरांनी आईचा हात उलटा करून बघितला आणि विचारलं, "मावशी, मांजर पाळलंय काय?"

बार्टोनेला नावाचा जंतू, पिसवांमुळं मांजरात पसरतो आणि नखातून माणसात येतो. धडधाकट माणसाचं बहुतेक वेळा आपोआप बरं होतं, पण नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू असतात त्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात, मग तो लिव्हरपर्यंतही पोचू शकतो. आईची गाठ अँटिबायोटिकनं बसली.

गल्लीत बातमी फुटली तशी शेजारच्या काकू पोतंच घेऊन आल्या, पंचगंगेपलीकडं सोडून या म्हणून. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. नखं कापा, पिसवांचं औषध घाला, कच्चं मटण घालू नका, आणि घाण रोज काढा पण आईनं नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या एका परजीवी जंतूची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला 1 ते 5 दिवस लागतात, म्हणून रोज. तो अर्धकच्च्या मटणातूनबी येतो म्हणे, आणि आमच्या आईला तर शिजलंय का बघायला बोटी तोंडात टाकायची सवय! (ती बंद केली, लई भांडण झालं.)

केमो चालू असलेले, प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) काढलेले, एचआयव्हीचे पेशंट, सगळ्यांच्याच घरी कुत्रं, लव्हबर्ड, कासव काहीतरी असतंय. कुत्र्यानं जखम चाटणं आपण कौतुकानं बघतो, प्लीहा नसलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. आपल्या पेपरातून दवाखान्यांना एवढंच सांगा, त्या छापील कागदावर एक ओळ वाढवा: घरात कोणता प्राणी आहे?

मनी आता सोप्यात झोपते. आई तिच्याशी लांबूनच भांडते.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर