ठकू तुमच्याकडे येते आहे

फोंडा, गोवा,
श्रावणातला शनिवार

तीर्थरूप आई-बाबांस,
बायचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं सांगते, नाहीतर बाबा पहिलं पान सोडून शेवटचं वाचतील. ठकूला मी काल कुरियरने पुण्याला, दादाच्या कोथरूडच्या पत्त्यावर पाठवलं. बुधवारपर्यंत पोचावी. खोक्याला चिकटपट्टी जरा जास्तच लागली आहे. आई, विळी घेऊन बसू नकोस, चिनूला सांग, तो कात्रीने कापेल.

तर ठकू म्हणजे एक बाहुली. कापडी, वीतभर उंच, दोन वेण्या, एक डोळा मूळचा आणि एक कुणीतरी नंतर शिवलेला. हा उद्योग आमच्या हॉस्टेलच्या मुलींचा (मुली म्हणजे आता कुणाला चाळिशीचा चष्मा, कुणाला सून). ठकू एकीकडून दुसरीकडे जाते. जिच्याकडे असेल तिने तिला आपलं गाव हिंडवून आणायचं, सोबतच्या वहीत दोन पानं लिहायची, तिच्या इवल्या गोधडीला घरातल्या कापडाचा एक तुकडा जोडायचा आणि पुढच्या पत्त्यावर रवाना करायचं. सोलापूरकरणीने चादरीचा तुकडा लावलाय, बेळगावच्या सुमीने शहापुरी साडीचा काठ, बडोदेवालीने बांधणी. आपला तुकडा तुझ्या जांभळ्या पातळाचा आहे, आई. बारशातलं नव्हे, घाबरू नकोस! ज्याच्यात मसाल्याचे डबे बांधून ठेवायचीस ते. पदर अजून घट्ट आहे त्याचा, आणि मी मागच्या बाजूने कापलाय, कळतसुद्धा नाही.

यादीत माझ्यानंतर तुमचं नाव मीच घातलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मला माहीत होतं. मागच्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "आम्ही काय, इथे पाहुणे. आम्हाला इथलं काय ठाऊक?" तुम्ही हसत म्हणालात, बाबा, पण वहिनी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही, म्हणून मी बोलते.

पण ते नंतर. आधी ठकूने इथे काय पाहिलं ते सांगते.

सुरुवात आपल्या बांदोड्याच्या देवळात, नागेशीला, अर्थातच. पाऊस धो धो. तळी काठोकाठ भरलीय, मासे पायरीपर्यंत येतात, मी ठकूला कठड्यावर बसवलं तर एक पोरगा म्हणाला, "काकी, बाहुली बुडेल." मग 1413 चा तो शिलालेख. बाबा, तुम्ही आम्हाला बोट धरून तिथे उभं करायचात आणि दादा दर वेळी विचारायचा, पोळे कधी खायचे. विजयनगरच्या काळात नागेशाला आणि महालक्ष्मीला दिलेल्या दानाचा लेख, म्हणजे बांदोड्याचे हे दोन्ही देव तेव्हा इथेच होते, हे तुमचं ठरलेलं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहिलंय. खाली कंसात "इति बाबा" असंही.

मग मार्दोळ, म्हाळसेचं देऊळ. रस्त्यावर जायांच्या माळा घेऊन बायका बसल्या होत्या, ओल्या पानांत गुंडाळलेल्या. एक माळ ठकूला घातली तर तिच्या गळ्यात तीन वेढे आले. त्या पितळी दीपस्तंभापाशी मी बराच वेळ थांबले. लहानपणी मला त्याच्या पायथ्याचं कासवच तेवढं दिसायचं, वरचं काही दिसत नसे, मग बाबा खांद्यावर घ्यायचे, आणि आई खालून ओरडायची की पोरीला पाडाल. अजून ते सगळं माझ्या कानात तसंच आहे. आई, तू ओरडायचीस ते मला तेव्हा आवडायचं नाही. आता कुणी ओरडत नाही, तर चुकल्यासारखं वाटतं. उत्सवातल्या नाटकांचंही लिहिलंय, बाबांच्या मिशीचा प्रसंग मात्र गाळलाय. ती गोष्ट घरातल्या घरात राहू दे.

मंगेशीला सोमवारी संध्याकाळी गेले, पालखी होती. हे स्कूटर लावायला गेले ते भजीपाव खाऊनच परत आले. फोंड्यात साफा मशिदीच्या तळ्यापाशीही नेलं तिला. मशीद 1560 ची सांगतात, आणि साधारण त्याच सुमारास कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला आला. आदिलशाही मुलूख म्हणूनच आपले देव इथे सुरक्षित राहिले, हेही बाबांचंच.

आणि मग केरी. बाबा, ही फेरी तुमच्यासाठी होती. केसरबाई केरकरांच्या गावात ठकूला नेलं नसतं तर तुम्ही मला घरात घेतलं नसतं. विजयादुर्गेच्या देवळात बसून मी मोबाईलवर त्यांची ती भैरवी लावली, "जात कहाँ हो", आवाज अगदी बारीक ठेवून. साडेतीनच मिनिटांची. वहीत मी लिहिलं, की या गावची मुलगी 1892 साली जन्मली आणि 1977 मध्ये तिचं हे गाणं सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरून व्हॉयेजर यानांतून सूर्यमालेबाहेर पाठवलं. पहिलं व्हॉयेजर आज 2400 कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. माणसाने बनवलेली दुसरी कुठलीही वस्तू इतकी लांब गेलेली नाही. तेव्हा ठकूच्या प्रवासाचं कौतुक सांगणाऱ्या सोलापूरकरणीला म्हणावं, आमच्या फोंडा तालुक्याचा एक नग तुझ्या बाहुलीच्या बराच पुढे गेलाय.

देवळातच मला ते सुचलं, आणि तेव्हाच तुमचं नाव यादीत घालायचं ठरवलं. ही विजयादुर्गासुद्धा सांकवाळची. आपल्या अंत्रूज महालातले, म्हणजे या फोंड्याकडचे, किती देव मूळचे इथले? नागेश, महालक्ष्मी, असे थोडे. म्हाळसा वेर्ण्याची, मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिकडे देवळं मोडायला लागले तेव्हा जुवारी ओलांडून ही सगळी मंडळी इकडे आली. कुणी त्यांना पाहुणे म्हणतं का? वेर्ण्याला जुन्या जागी म्हाळसेचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, तरी मार्दोळची म्हाळसा मार्दोळलाच आहे. तिला दोन्ही गावं आहेत.

तुमची गोष्ट वेगळी आहे, ठाऊक आहे मला. तुम्हाला कुणी हाकललेलं नाही, आणि घर मोडलेलं नाही. घर आहे तिथेच आहे. मी दर शनिवारी जाते, खिडक्या उघडते, तुळशीपाशी दिवा लावते. सुपारीवर फवारणी मृगाआधीच झाली, त्यामुळे गळ अगदी थोडी आहे. मागल्या पडवीवरचं एक कौल सरकलं होतं, ते बसवून घेतलं. आई, तुझ्या पाटा-वरवंट्यावर मी कापड घातलंय, आणि लोणच्याच्या बरण्यांना हात लावलेला नाही. चवथीला तुम्ही येणार म्हणजे येणारच, दादाने रजा टाकली आहे. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान मी बघते, बाबांना झाडावर चढून नारळाची पेंड काढायची हौस आली तर मात्र मी त्यांना खोलीत कोंडून ठेवीन.

पण चवथीनंतर परत पुण्याला जायचं आहे. हे मी आणि दादाने मिळून ठरवलंय, आणि ते तुम्हालाही कळलेलं आहे, तुम्ही नुसते बोलत नाही. बाबांची छातीतली ती नळी बसवून झाली, औषधं चालू आहेत, डॉक्टरांकडे वरचेवर जावं लागतं. बांदोड्याला रात्री काही झालं तर मी फोंड्याहून येईपर्यंत आई एकटी. त्या रात्रीची आठवण नको. मी म्हणत नाही की कायमचं. पुढच्या पावसापर्यंत बघू म्हणते.

आणि खरं म्हणजे, बाबा, मला काळजी छातीची कमी आणि खुर्चीची जास्त वाटते. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत तुम्ही सकाळी बसता ते दुपारीच उठता, असं चिनू सांगतो. (त्याला रागावू नका, मी खोदून विचारलं.) फोंड्याच्या बाजारात शंभर माणसांना हाक मारत चालणारा माणूस चौथ्या मजल्यावर बसून वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवतो, हे मला बघवत नाही. तिथे हाक मारायला कुणी नाही, म्हणून तुम्ही खाली उतरत नाही. आणि उतरत नाही, म्हणून कुणी ओळखीचं होत नाही. ठकूला हिंडवायचं निमित्त तरी होईल. हातात बाहुली घेतलेला म्हातारा दिसला की माणसं आपण होऊन बोलतात. मी अनुभवाने सांगते. नागेशीला आणि मार्दोळला जेवढी अनोळखी माणसं माझ्याशी बोलली तेवढी एरवी वर्षभरात बोलत नाहीत.

कुठे न्यायचं याचा विचार मीच करून ठेवलाय. आधी जवळचं: मृत्युंजयेश्वराचं देऊळ, संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. मग यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात एखादं नाटक. बाबा, तिकीट पुढच्या रांगेचं काढा, मागून ऐकू येत नाही आणि मग तुम्ही आईला मोठ्याने विचारता. आईला तुळशीबाग. रिक्षाने जायचं, बसने नाही, आणि गर्दीच्या दिवशी नाही. सारसबागेतला तळ्यातला गणपती जरूर दाखवा, तळी बघितल्याशिवाय बाबांना देऊळ देऊळ वाटत नाही. पर्वतीचं नाव काढायचं नाही. आईचे गुडघे त्या पायऱ्यांचे नाहीत, आणि "मी एकटाच जाऊन येतो" हे वाक्य मला नकोच आहे.

सकाळची गोळी खाऊन झाल्यावर अर्ध्या तासाने निघायचं. खिशात साखरेची पुडी आणि दादाचा नंबर लिहिलेला कागद. मफलर, हो, श्रावणातसुद्धा. पुण्याचा पाऊस आपल्यासारखा मुसळधार नसतो, पण वारा गार असतो. छत्री आईने धरायची, बाबा एका हातात काठी आणि एका हातात ठकू. आई, दुपारी जेवून लगेच नको, आणि बाहेरचं तेलकट खाल्लं की बाबा घरी येऊन शपथेवर नाही म्हणतील. खरं बोलायला लावणारी म्हाळसेची घंटा तिथे नाही, तेव्हा शपथेवर विश्वास ठेवू नकोस, रुमाल हुंग.

गोधडीला तुकडा कशाचा लावायचा ते तुम्ही ठरवा. मला वाटतं वहिनीला विचारावं. तिने तुमच्यासाठी पहिल्या आठवड्यात उशांचे अभ्रे शिवले होते ना, निळ्या फुलांचे, त्यातलं उरलेलं कापड असेल तिच्याकडे. तिला बरं वाटेल. मी सांगितलं असं सांगू नका.

आणि वहीत गावाच्या रकान्यात काय लिहायचं यावरून अडून बसू नका. बांदोडे लिहा, पुणे लिहा, दोन्ही लिहा, रकाना रुंद आहे. पाहुणे एवढंच लिहायचं नाही.

पोळे मी चवथीच्या आधी करून ठेवीन. काकणपाव हवा असेल तर पदेराला, पाववाल्याला, आधी सांगून ठेवते. खोक्यात खाजें ठेवलंय, पण ते चिनूसाठी. बाबांनी एकच घ्यायचं.

तुमची,
बाय

ता. क. वहीत पानं दोनच भरायची आहेत, बाबा. पेशव्यांपासून सुरुवात करायची असेल तर अक्षर बारीक काढा, आणि अर्धं पान आईला सोडा. तुळशीबागेचं तिलाच लिहू दे.