दोर कापायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

बचावाच्या चाकूचा विषय निघाला की लोक धारेचं विचारतात. तुम्ही मात्र आम्हाला दोनच प्रश्न विचारत राहिलात: दोर कोणता, आणि तो तुटल्यावर माणूस कुठे जाणार? त्या प्रश्नांसाठी सगळ्या पथकातर्फे तुमचे मनापासून आभार.

ताणलेल्या दोराला जोर लागत नाही. वजन पेलणाऱ्या नायलॉनला धार नुसती टेकली तरी तो तुटू लागतो, म्हणून लटकलेल्या माणसाजवळ उघडं पातं हाच मोठा धोका. आधी जखमीचं पूर्ण वजन आपल्या दोरावर घ्यायचं. मग कापायचा दोर मुठीत धरून, तो जिथे बांधलाय तिथपर्यंत हाताने चाचपत जायचं. जोडीदाराला मोठ्याने सांगायचं, त्याचा होकार ऐकायचा आणि मगच पातं लावायचं, तेही आपल्या दोरापासून दूर जाईल असं. हा क्रम तुम्ही आमच्याकडून इतका घोटून घेतलात की आता तो सांगावा लागत नाही.

वाहत्या पाण्यात दोर तुटताच माणूस प्रवाहाबरोबर निघतो. म्हणून खालच्या अंगाला थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेऊन कुणी उभं राहिल्याशिवाय कापायचं नाही. डोकं पाण्याखाली असेल तर मात्र थांबायचं नाही. आणि दोर अडकवलेला लाईफ जॅकेटचा झटपट सुटणारा पट्टा ओढून काम होत असेल, तर चाकूला हातच लावायचा नाही.

सैल, ओल्या दोरावर साधं पातं घसरतं, तिथे दातेरी धार पकड घेते. दोर दुमडून ताणायचा, पातं दुमडीच्या आतून बाहेर खेचायचं. टोक बोथटच हवं, नाहीतर जखमीला किंवा हवेच्या राफ्टला भोक पडतं. पाण्यात घडीचा चाकू नको, बिजागरीत वाळू जाते आणि हातमोज्यांतून तो उघडत नाही. कड्यावर तोच चालतो, पण दोरीने हार्नेसला (अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याला) बांधून, कारण खाली माणसं असतात. पाण्यात ती दोरीच अडकते, म्हणून तिथे ती नकोच.

म्यान छातीवर, दोन्ही हात पोचतील असं. उलटं धरून झटकल्यावर चाकू पडता कामा नये, आणि गारठलेल्या बोटांनीही तो निघाला पाहिजे. या दोन्ही परीक्षा आम्ही प्रत्येक नव्या म्यानावर घेतो.

दातांना धार कशी लावायची, हे तुम्ही शेजारी बसून दाखवलंत. निमुळती गोल कानस, फक्त उताराच्या बाजूने, एकेक खाच स्वतंत्र, आणि सपाट बाजूला उभी राहिलेली धातूची बारीक किनार शेवटी हलक्या हाताने काढायची. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, म्यानासकट वाळवायचं. ‘स्टेनलेस’ पातंसुद्धा खाऱ्या पाण्यात दातांच्या मुळाशी गंजतं.

तुम्ही आणून दिलेले जुन्या दोरांचे तुकडे संपत आले आहेत. ओले करून, हातमोजे घालून, डाव्या हाताने ते कापायचा सराव नव्या मुलांनाही करायचाय. आणखी असतील तर जरूर कळवा, आम्ही घ्यायला येतो.

आपले,
बचाव पथकातील सर्वजण