अण्णांचा टीव्ही माझ्याकडे आहे

डोंबिवली (पूर्व),
रविवार, दुपार

मंद्या लेका,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. दीड वर्षात एक धड फोन नाही, पत्र तर नाहीच, नुसते अंगठे पाठवतोय. अण्णा गेले तेव्हा तू आलास, तुला विमानतळावर सोडायला आलो, आणि दोघंही बावळटासारखे टोलच्या रांगेबद्दल बोलत बसलो. तेव्हापासून जे काही लिहायला घेतो ते टोलपाशीच अडतं.

आमची तब्येत बरी. मला बीपीची गोळी लागलीय, अर्धी. मनीषाचा गुडघा होता तसाच. संपलं.

तर तुझ्या अण्णांचा टीव्ही माझ्याकडे आहे.

काकूंनी तुला सांगितलं असेल, सगळ्याची विल्हेवाट लावून टाकली. खोटं नाही ते. रीडेव्हलपमेंटवाल्यांनी महिनाअखेर दिली होती, ताई नाशिकहून टेम्पो घेऊन आलेली, आणि मी कपाट उतरवायला गेलो होतो, दुसरं काही नाही. पॅसेजमध्ये टीव्ही उभा. वर काकूंनी विणलेलं ते मोर असलेलं कव्हर अजून तसंच. भंगारवाला म्हणत होता, मिक्सर धरून तीनशे. मी म्हटलं, पाचशे. त्याला वाटलं मी काकूंच्या बाजूने घासाघीस करतोय, म्हणून तो साडेतीनशेवर आला. मग कळलं की विकत घेणारा मीच आहे, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं ते बघणं मी विसरणार नाही. काकूंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "ने बाबा, तुम्हीच पाहिलाय तो जास्त."

तीन मजले. लक्षात आहे ना, सगळं वजन पुढे काचेत असतं, मागे नुसता प्लास्टिकचा डबा? म्हणून पडदा छातीशी धरून उतरायचं. वीस-बावीस किलो असेल, पण दुसऱ्या मजल्यावर मला अर्धी गोळी आठवली. रिक्षावाला म्हणाला, "काका, ह्याचे पैसे देतात की घेतात?"

आता तू विचारणार की कशाला. मनीषानेही हेच विचारलं, जरा वेगळ्या पट्टीत. म्हणून नीट सांगतो, कारण तिला सांगून उपयोग नाही.

माळ्यावरून आपला व्हिडिओ गेम पण निघाला. बंदूक, दोन पॅड, आणि ती पिवळी ९९९ इन वन कॅसेट, जिच्यात मोजून बारा गेम होते. गेम आधी माझ्या भिंतीवरच्या पंचावन्न इंचीला लावला, कारण अण्णांच्या टीव्हीवर नुसती एक आडवी पांढरी रेघ येत होती. चित्र आलं. पण मारिओ जाड झालेला, विटा तेलकट, आणि मी पहिल्याच खड्ड्यात तीनदा मेलो. सई बाजूला बसून शांतपणे म्हणाली, "बाबा, तू म्हणाला होतास तू चॅम्पियन होतास."

स्टेशनजवळ एकच मेकॅनिक उरलाय जो पिक्चर ट्यूबला हात लावतो. साठीचा माणूस, आता एलईडीची पॅनेलं बदलून पोट भरतो. घरी आला, मागचं झाकण काढलं, आणि पहिल्यांदा काय केलं माहितीय? एका स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधली, वायरचं दुसरं टोक चासीला, आणि ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली स्क्रू ड्रायव्हर हळूच सारला. टक्! एवढाच आवाज. म्हणाला, चालू असताना इथे पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास असतात, आणि बंद केला तरी ट्यूब थोडं धरून ठेवते. मला घाम फुटला. आपण झाकण उघडून एलओटीवरची, म्हणजे हे हजारो व्होल्ट बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरची, धूळ तुझ्या आईच्या पावडरच्या पफने झटकली होती, आठवतंय? जिवंत आहोत हेच खूप.

व्हर्टिकल आयसी, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारी चिप, गेला होता. बाकी ड्राय सोल्डर, सैल झालेले सांधे. आयसी एकशेवीस, मजुरी चारशे. आणि टीव्ही लागला रे. आधी तो धप्प, मग काचेवर हात फिरवला की केस उभे राहतात ते, मग चित्र.

मी त्या खड्ड्यावरून पहिल्या फटक्यात गेलो!

म्हातारपणीचा हळवेपणा म्हणशील, म्हणून पुरावा काढला. एक पिवळी पिन दोन्ही टीव्हींना फोडून दिली, दोन्ही शेजारी ठेवले, आणि फोनवर स्लो मोशन घेतलं, सेकंदाला २४० फ्रेमचं. अण्णांच्या टीव्हीवर मारिओ उडाला, आणि त्यानंतर पंचवीस फ्रेम मोजल्यावर भिंतीवरचा उडाला. सेकंदाचा दहावा भाग! गेम मोड लावल्यावर निम्मा झाला, शून्य नाही. कारण साधं आहे. ट्यूबला विचार करायचाच नसतो, वायरमधून आलं की ट्यूबच्या मागच्या इलेक्ट्रॉन गनने काचेवर मारलं. नवीन टीव्ही आधी आलेलं चित्र साठवतो. ही २४० रेघांची सरळ चित्रं त्याला अर्धी-अर्धी, एकाआड एक रेघांची वाटतात, मग तो ती जोडत बसतो, मोठी करतो, गुळगुळीत करतो. तोवर मारिओ खड्ड्यात. शिवाय ट्यूबवर ठिपका पेटतो आणि लगेच विझतो, म्हणून पळताना मागच्या विटा पुसट होत नाहीत. एलईडीवर चित्र पुढचं येईपर्यंत तसंच थांबतं आणि डोळा ते फरफटत नेतो.

आणि बंदूक! ती तर नवीन टीव्हीवर चालतच नाही, शंभरातलं एक बदक पडत नाही. ट्रिगर ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या तोंडाशी उजेड ओळखणारा डोळा असतो. आधी अंधार दिसला, मग ठरलेल्या क्षणी उजेड दिसला, तरच बदक पडलं. नवीन टीव्ही चौकोन उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने बघणं सोडलेलं असतं. म्हणजे तू अख्खी सुट्टी ट्यूबलाइटवर नेम धरून "असं पण लागतं" म्हणत होतास ना, ते तद्दन खोटं होतं. अंधाराच्या वेळी उजेड दिसला की गेमला कळतं समोरचा लबाड आहे. माझे तेव्हाचे दोन रुपये परत कर.

आपलीही लाज निघाली म्हणा. भाच्याने मारिओ लॅपटॉपवर लावून दिला, आणि तो सुसाट! चालसुद्धा घाईघाईने वाजते. मला वाटलं बिघडलंय. तर नाही, खरा मारिओ तोच. जपान-अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचे, आपले ५०, आणि आपले नकली गेम आपल्या टीव्हीच्या तालावर चालायचे. म्हणजे आपण सहाव्या भागाने संथ मारिओ जिंकून गल्लीभर मिरवत होतो. कोणाला सांगू नकोस.

भाच्याचं म्हणणं, काका, शेडरचा प्रोग्रॅम लावा, ट्यूबच्या रेघांची हुबेहूब नक्कल येते, भारी ओएलईडीवर तर कळत पण नाही. मी बघितलं. खरंच छान दिसतं. ज्याने ट्यूब कधी बघितली नाही त्याने टीव्हीसाठी भंगारवाल्यांमागे फिरू नये, शेडर लावावा आणि सुखी राहावं. बंदूक नको असेल तर ट्यूबने जे जास्तीचं मिळतं ते कमरेच्या मानाने फार नाही. पण जगात आपल्याहून वेडे आहेत. अमेरिकेत स्मॅश ब्रदर्स मेलीवाले, २००१ चा गेम तो, अजून स्पर्धांना ट्यूबचे डबे उचलून नेतात. आणि सोनीचा एक ४३ इंची राक्षस होता, १९८९ चा, दोनशे किलोच्या घरातला. तो ओसाकातल्या एका नूडल्सच्या हॉटेलात सापडला आणि एकाने थेट अमेरिकेला नेला. हे मी मनीषाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्याचं लग्न झालंय का.

आता जे सांगायला बसलो ते.

टीव्ही दुरुस्त झाला त्या संध्याकाळी आवाज बंद होता. मी, मनीषा, मेकॅनिक चहा पीत होतो. सई आतल्या खोलीतून कानांवर हात ठेवून बाहेर आली. "कसली शिट्टी वाजतेय?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय. काही नाही. मी टीव्ही बंद केला, ती म्हणाली, "थांबली." चालू केला, "आली." पाच वेळा केलं. पाचही वेळा तिने पाठमोरी उभी राहून बरोबर सांगितलं.

तीच शिट्टी, मंद्या, टीव्ही रेघा काढताना वाजते ती. ६२५ रेघा, सेकंदाला पंचवीस वेळा, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. दहावीच्या वर्षी तू आवाज बंद करून खेळायचास आणि मी जिन्यातूनच ओळखायचो की गेम चालू आहे, न वाजवता दार ढकलायचो. अण्णा शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. मग ते टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायला लागले, मग तू ओला टॉवेल टाकायला लागलास. आपण काय हसायचो. अण्णा किती भोळे! अण्णा भोळे नव्हते रे. अण्णा पंचेचाळीसचे होते. मी गेल्या महिन्यात पंचेचाळीसचा झालो. टीव्हीला कान लावून बसलो त्या रात्री. काही नाही. काच नुसती कोमट.

हे मी कोणाला सांगू? मनीषाला सांगितलं तर ती म्हणाली, ऑडिओमेट्री करून घे.

बरं, तुझं काय? अर्णव डचमध्ये भांडायला लागला असं काकू म्हणाल्या, चांगलंय. सोनलला नोकरीबद्दल अभिनंदन सांग. घराचा हप्ता बसला का? आइंडहोवनमध्ये राहतोस, जिथे १८९१ मध्ये फिलिप्स सुरू झाली, तिथे लोक ट्यूबचे टीव्ही फुटपाथवर ठेवून देत असतील, बघ जरा. उचलू नकोस, नुसतं बघ.

तर अडचण. मेकॅनिक म्हणतो ट्यूबमधली लाल रंगाची गन उतरलीय. पहिली पाच-सात मिनिटं चित्र हिरवं-निळं येतं, मारिओ आजारी दिसतो, मग ट्यूब तापली की लाल चढतो. ही पाच मिनिटं वाढत जाणार. त्याच्याकडे मशीन आहे, बूस्ट मारता येतं, म्हणजे गनला जादा झटका देऊन जागं करायचं. लागलं तर वर्ष-दोन वर्षं झकास. नाही लागलं तर त्याच दिवशी ट्यूब संपली, आणि तशी दुसरी आणायची कुठून? नाही मारलं तर रविवारी अर्धा तास लावत हळूहळू जाऊ द्यायचा. तिसरा मार्ग म्हणजे ई-कचरावाल्यांना देणं. काचेत शिसं असतं, असा कुठेही टाकता येत नाही. मनीषाचा कल तिसऱ्याकडे, कारण शिवणाच्या मशीनची जागा गेलीय. मी मेकॅनिकला पंधरा दिवस झुलवतोय. पाचशे रुपयांचा प्रश्न नाही. टीव्ही तुझ्या बापाचा आहे, आणि तुला न विचारता उचलून आणलाय, हा प्रश्न आहे.

उजव्या कोपऱ्यात तो जांभळा डाग अजून आहे, अगदी फिकट. मेकॅनिकने चुंबकाचा असर घालवणारी कॉइल फिरवली, बराच गेला, सगळा नाही. त्या लोहचुंबकावरून तू मार खाल्लास, मान्य. पण चुंबक माझा असला तरी "पडद्याला लावून बघू" हे वाक्य तुझं होतं, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार. सईने विचारलं डाग कसला. मी म्हटलं, मंदारकाका.

सई पॅड बरा धरते. पण कॉन्ट्रात धबधब्याची स्टेज आली की सरळ वर उड्या मारत सुटते, पडदा वर सरकतो आणि मी खाली मरतो. तुझंच बेणं. तिला मी तेच ओरडतो जे तुला ओरडायचो, आणि तीही थांबत नाही.

बूस्ट मारू की नको, एवढं कळव. फोन करू नकोस, फोनवर तू विषय बदलतोस आणि मी टोलवर जातो. लिहून पाठव. मेकॅनिकला मी येत्या रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय.

तुझा,
शिऱ्या

ता. क. दुसऱ्या पॅडचं 'बी' बटण अजून अडकतं. तूच चहा सांडला होतास.