नवीन डॅक आणू नकोस

प्रिय चिमू,

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला, व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तर द्यायला बसले होते पण ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढत गेलं, म्हणून म्हटलं सरळ मेल करते. सावकाश वाच, ऑफिसच्या कॅबमध्ये नको.

तू म्हणतेस दिवाळीला येताना नवीन डॅक, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देणारी ती डबी, आणतेस, आत्ताचा ९६ किलोहर्ट्झपर्यंतच जातो आणि आता १९२ वाला घेऊया, बाबांना फरक कळतो ना. तर आधी हे सांगून टाकते, बाबांना फरक कळत नाही. मलाही कळत नाही. आणि हे मी उगाच हवेत बोलत नाहीये, सोळा-सोळा वेळा तपासलंय, त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

मुळात गंमत ऐक. तू मागच्या दिवाळीला सगळं लावून दिलंस, डॅक, हेडफोन, ते महिन्याचे पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप, आणि बंगलोरला गेलीस. हेडफोनने कान घामेजतात म्हणून बाबांनी ते काढून ठेवले आणि दोन महिने मोबाईलवरून ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत होते, वर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की हे हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापाचं, आहे बरं का. आता ब्लूटूथमधून जाताना गाणं परत दाबूनच जातं, दाबायच्या पद्धतींपैकी चांगली म्हणतात ती एलडॅक धरली तरी सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट, आणि आपली साधी सीडी १४११ ची. म्हणजे सीडीएवढंही पोचत नव्हतं. पण बाबांना त्यात "हवा" ऐकू येत होती. हा शब्द ते यूट्यूबवर शिकलेत, प्रत्येक गाण्यात आता हवा असते किंवा नसते.

मग मी ठरवलं की एकदा सोक्षमोक्ष लावायचाच. अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पोरांची खोटी रीडिंग पकडण्यात गेली, नवऱ्याची नाही पकडता येणार? तू घेऊन दिलेली ती बासरीची रेकॉर्डिंग आहे ना, २४ बिट ९६ किलोहर्ट्झची, तिची लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ बिट ४४.१ ची कॉपी केली, म्हणजे थेट सीडीच्या मापाची. बाबांना हेडफोन घालून खुर्चीत बसवलं, मी एक रुपयाचं नाणं उडवणार, छापा तर ही काटा तर ती, त्यांनी ओळखायचं. सोळा वेळा. आणि बाबांनी तेरा बरोबर सांगितले! मी चाट पडले. ते तर एकदम राजासारखे बसले, चहा टाक म्हणाले.

चहा गाळताना लक्षात आलं, डॅकवरचा तो बारीक दिवा. ४४ ला हिरवा होतो आणि ९६ ला जांभळा. खुर्ची त्याच्या बरोब्बर समोर.

दुसऱ्या दिवशी डॅकवर टॉवेल टाकला. तरी बारा! मग मी स्वतः हेडफोन घालून बसले तेव्हा कळलं की फाईलचं माप बदललं की गाणं सुरू व्हायच्या आधी आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, बारीक टक करतो, आणि ४४ वरून ९६ ला जाताना आणि उलट येताना तो टक वेगळा नसला तरी तो झाला म्हणजे फाईल बदलली, नाही झाला म्हणजे तीच, एवढं पुरेसं आहे. आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात रिले रूममध्ये काढलेला माणूस, त्याला टक ऐकू आला नाही तरच नवल. तिसऱ्यांदा मी ती सीडीच्या मापाची कॉपी परत ९६ ची करून घेतली, म्हणजे तांब्यातलं दूध वाटीत ओतायचं आणि वाटीत मावलं तेवढंच परत तांब्यात, सांडलं ते सांडलं पण भांडं तेच. आता दिवाही तोच आणि टकही नाही. सोळापैकी नऊ. नाणं उडवून सांगितलं असतं तरी आठ आले असते. किमान बारा आले असते तर म्हणता आलं असतं की हे नशीब नाही, कान आहे. माझे सात आले, हे ते सगळ्यांना सांगतात, स्वतःचे नऊ सांगत नाहीत.

बॉस्टनकडे असाच प्रयोग झाला होता, २००७ मध्ये छापून आला. सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे हाय-रेझवाली तबकडी, लावायची आणि मधेच गुपचूप सीडीच्या मापातून फिरवून आणायची, पाचशेच्या वर वेळा विचारलं आणि निम्म्याच वेळा बरोबर. मी हे वाचून दाखवलं तर बाबांनी २०१६ चं दुसरं शोधून काढलं, लंडनच्या एका प्राध्यापकांनी असे बरेच प्रयोग एकत्र करून हिशोब केला, त्यात शंभरात साधारण बावन्न वेळा ओळखलं आणि कान तयार केलेल्यांचं त्याहून बरं. त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय, गॅसच्या नंबरच्या शेजारी.

तुला आठवतं का, लहानपणी तू जिन्यातूनच ओळखायचीस की घरात टीव्ही चालू आहे, आवाज बंद असला तरी. चीं वाजतंय म्हणायचीस आणि आम्हाला काही ऐकूच यायचं नाही, बाबा म्हणायचे पोरीच्या कानाला दाखवा एकदा. ते जुन्या डब्बा टीव्हीचं चीं १५,६२५ हर्ट्झचं असायचं. तेव्हा मी पस्तिशीची सुद्धा नव्हते. आता मोबाईलवर टोन लावून बघितलं तर मला अकरा हजारापर्यंत ऐकू येतं, बाबा नऊच्या पुढे नुसते मान हलवतात. माणसाचा कान अगदी कोवळा असला तरी वीस हजारापर्यंत. सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, त्याच्या निम्मं म्हणजे बावीस हजारापर्यंतचं सगळं त्यात येतं. येतं म्हणजे पूर्ण येतं, जिन्यासारख्या पायऱ्या पायऱ्या नसतात. इथल्या एका शोरूममधल्या पोराने मला तसं चित्र दाखवलं होतं, सीडीच्या मोठ्या पायऱ्या, हाय-रेझच्या बारीक पायऱ्या. मी त्याला म्हटलं बाळा ऑसिलोस्कोप लाव आणि बाहेर येणारी वेव्ह बघ, गुळगुळीत असते. त्याने मला शेजारचा मिक्सर दाखवायला सुरुवात केली.

आणि बिट. एका बिटला साधारण सहा डेसिबल, म्हणजे सोळाला ९६ आणि चोवीसला १४४. आपल्या घराचं काय सांगू, बाजूच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू झालंय, सकाळी नऊपासून जमिनीत ड्रिल घुसतंय, कपातल्या चहावर गोल गोल लाटा येतात. ते थांबलं की कुकर, कुकर थांबला की माटुंगा रोडला लागणारी स्लो लोकल. रात्री दीडनंतर गाड्या थांबल्या की मग काय ती शांतता, तेव्हाही पंखा तीनवर ठेवून मोबाईलचं मीटर चाळीस दाखवतं. आता चाळीसच्या वर सीडीचेच ९६ ठेवले तर १३६ होतात, एवढ्या आवाजात ऐकलं तर गाणं राहू दे, कानच जातील. त्याच्या वरचे तुझे ४८ डेसिबल आम्ही ठेवायचे कुठे?

पण म्हणून तुझे पैसे फुकट गेले असं समजू नकोस हं, रडू नकोस लगेच. ते हेडफोन सोनं आहेत. मी रोज रात्री दीड ते अडीच ऐकते, झोप तशीही येत नाही. इतकी वर्षं मी तानपुरा नुसता मागे चाललेला ऐकत होते, आता चारही तारा वेगळ्या कळतात, जवारी, ती तारांची झणकार, अशी उमलत जाते आणि मधेच कुठलीच तार गंधाराला लावलेली नसताना गंधार ऐकू येतो. किशोरीताई तानपुरे जुळेपर्यंत सुरुवातच करायच्या नाहीत आणि लोक हॉलमध्ये चुळबुळ करायचे, ते कशासाठी हे मला आता चौसष्टाव्या वर्षी समजतंय. आणि भीमसेनजींच्या अभंगातले टाळ! आपल्या जुन्या पेनड्राइव्हवर ती १२८ किलोबिटची, दाबून लहान केलेली एमपीथ्री होती ना, कोणीतरी भरून दिलेली, त्यात टाळ म्हणजे कढईत पाणी पडल्यासारखं छर्र छर्र व्हायचं. आता टाळ वाजतो, त्याची पितळ ऐकू येते, आणि विरत जातो तो शेवटपर्यंत जातो. हा फरक बाबांना सोळापैकी सोळा वेळा कळला, डोळे बांधून. पण हा एमपीथ्री आणि सीडीमधला फरक आहे, सीडी आणि ९६ मधला नाही.

आणि बाकी सगळा फरक ज्याने मास्टर केलं, म्हणजे विकायच्या आधी आवाजाला शेवटचा हात दिला, त्याच्या हातात. तू विकत घेऊन दिलेला तो जुन्या नाट्यगीतांचा हाय-रेझ अल्बम मी ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज किती त्याचं चित्र, करून बघितला, बावीस हजाराला सुरीने कापल्यासारखा सपाट, त्याच्या वर काळोख. म्हणजे सीडीवरूनच उचललाय आणि ९६ च्या डब्यात भरलाय, दुधात पाणी घालून मोठ्या पिशवीत विकल्यासारखं. त्यातून आवाज एवढा चढवलाय की बाई आलापीतही तारस्वरात असल्यासारख्या वाटतात. माझ्याकडे त्यातल्याच काही गाण्यांची १९९० च्या आसपासची सीडी आहे, ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली, २०१६ मध्ये बंद झालं बिचारं. ती शंभर पट बरी. आणि केसरबाईंचं मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचं ऐक, त्यात धड वरचं नाही की खालचं नाही, तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटोपलेलं, खरखर तर विचारू नकोस, तरी अंगावर काटा येतो. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेर पाठवायला निवडली ती काही नमुने मोजून नाही.

बरं, आता मुद्द्याचं. मला २४ बिट हवंय, पण ऐकायला नाही, भरायला.

माळ्यावरच्या कॅसेट खाली काढल्या. पावसाळ्याने वाट लावलीय, कित्येकांच्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी, कापसाने पुसत बसले होते. टेपरेकॉर्डरचा बेल्ट वितळून डांबर झाला होता, लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा आणला, हेड स्पिरिटने पुसलं आणि पहिली जी लावली ती तुझ्या आजीची निघाली. लालबागची खोली, १९८६, तुझा जन्म व्हायचा होता. सकाळची भूपाळी म्हणतेय, मधे स्टोव्हला पंप मारतेय, सात-आठ ठोसे, मग स्टोव्ह भर्र पेटतो आणि ती त्याच्यावर आवाज चढवते, आणि दुसऱ्या कडव्यात लांबून गिरणीचा भोंगा. मी टेप बंद केला आणि थोडा वेळ नुसती बसले.

कॅसेटमध्ये फार तर पन्नास-साठ डेसिबलचा माल असतो, म्हणजे नीट लेव्हल लावली तर १६ बिट सुद्धा पुरेत. पण आजी कधी पुटपुटते, कधी बादली आपटते, आणि जुन्या कॅसेट पुन्हा पुन्हा चालवायच्या नसतात, एकाच फेरीत घ्यायच्या. तेव्हा २४ बिट म्हणजे ब्लाउजची माया. लेव्हल बारा डेसिबल खाली ठेवून बिनधास्त भरायचं, नंतर सवडीने उसवता येतं. तयार ब्लाउज घालणाऱ्याला माया दिसत नाही, शिवणाऱ्याला लागते.

तू म्हणशील नॉइज काढून टाकू, हल्ली सॉफ्टवेअर आहेत. मी एका कॉपीवर करून बघितलं. टेपची सूं सूं गेली, आणि तिच्याबरोबर स्टोव्ह पण गेला, त्याला दोन्ही एकच वाटलं. आजी रिकाम्या हॉलमध्ये बसून उगाच जोरात गातेय असं वाटायला लागलं. ती कॉपी मी डिलीट केली. मूळ भरलेलं आहे तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, बाबांनासुद्धा सांगून ठेवलंय.

तर येताना डॅक नको, एक टीबीची हार्ड डिस्क आण, दोन आणल्यास तर उत्तम, एक तुझ्याकडे राहील. चाळीस कॅसेट आहेत, बहुतेक साठ मिनिटांच्या, २४-९६ ला तासाला दोन जीबी, म्हणजे शंभरच्या आतच बसेल पण आत्याकडे अजून एक पेटी आहे म्हणे. आणि जाड पडदे घेऊ या दादरला, स्पीकर लावायचाच असेल तर हॉल फार घुमतो, डॅकपेक्षा त्याने जास्त होईल.

बाबांसमोर नऊचा विषय काढू नकोस. आणि त्या कॅसेटची दुसरी बाजू लावू नकोस ते असताना, तिकडे आजीच्या ओव्या असं वर लिहिलंय माझ्याच अक्षरात, पण त्यावर कोणीतरी रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री टेप केलीय, आणि मधे "आऊट आहे रे, आऊट!" असं ओरडलेला आवाज मला १६ बिटमध्ये सुद्धा ओळखता येतो.

तुझी,
आई