सरांची तालिका चालू आहे, ताई

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तालुक्याच्या गावात आमच्यासारखी ग्रंथालयं पुष्कळ आहेत, आणि बंद पडलेली तालिका चालू करताना त्या रात्री तुम्ही फोनवरून जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

जुलै २०२३ मध्ये आमचा जुना सर्व्हर बंद होणार असं कळलं. त्यावर डेबियन ८ ही प्रणाली आणि पीएचपी ५.६ होतं; आमची पानं याच पीएचपी भाषेत लिहिलेली. नव्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४, म्हणजे पीएचपी ८.१. ग्रंथालयाचं नवं संकेतस्थळ तिथे लगेच उभं राहिलं. सरांनी स्वतः लिहिलेली ग्रंथतालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्राम, मात्र उघडेना. नुसतं पांढरं पान, आणि लॉगमध्ये एकच तक्रार: डेटाबेसला जोडणारं 'मायएसक्यूएल कनेक्ट' नावाचं फंक्शनच सापडत नाही. ती जुनी फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये, २०१५ च्या डिसेंबरात, काढूनच टाकली होती. सरांनी तालिका लिहिली २००९ मध्ये. एक्केचाळीस फाइली, आणि जवळजवळ प्रत्येकीत तीच फंक्शनं.

ज्यांना विचारलं त्यांनी हे टाकून द्या म्हटलं. एकांनी नवं करून द्यायचा आकडा सांगितला, तो आमच्या वर्षाच्या पुस्तकखरेदीपेक्षा मोठा होता. दुसऱ्यांनी 'एका सर्व्हरवर एकच पीएचपी चालतं' असं सांगून फोन ठेवला. देवघेव विभाग तीन दिवस वहीवर चालला. अभ्यासिकेतली मुलं पुस्तक आहे का विचारायची आणि आम्ही कपाटं धुंडाळायचो.

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. 'आपल्याच अभ्यासिकेतली मुलगी, पुण्यात सर्व्हरचंच काम करते.' रात्री साडेनऊला फोन केला. तुम्ही नुकत्याच कामावरून आला होतात, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी पासवर्ड सांगायला लागलो तेव्हा तुम्ही थांबवलंत. 'मला सांगू नका. टाइप तुम्ही करा, मी सोबत आहे.' त्याचं मोल मला नंतर कळलं. आज सर्व्हरवर काय कुठे आहे हे मला माहीत आहे, कारण त्यातली प्रत्येक ओळ माझ्या हातून गेली आहे.

एकच पीएचपी का चालतं, हे तुम्ही आधी समजावलंत. आमच्याकडे पीएचपी अपाचेच्या, म्हणजे मागितलेलं पान पुरवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, पोटातच मॉड्यूल म्हणून बसलेलं होतं, आणि तिथे जागा एकालाच. ते बाहेर काढायचं. प्रत्येक आवृत्तीचं एफपीएम, म्हणजे पीएचपी स्वतंत्रपणे चालवणारी सेवा, वेगळं चालवायचं, प्रत्येकाचं सॉकेट, म्हणजे निरोप घ्यायचं दार, वेगळं, आणि अपाचेनं फक्त निरोप पोचवायचा. 'तुमच्या खिडकीवरचा माणूस चिठ्ठी घेतो आणि बघतो, बालविभागाची की संदर्भाची. पुस्तक तो स्वतः आणत नाही. तसंच.' तीन दिवस ज्याच्यापुढे डोकं आपटत होतो ते या वाक्यानं उलगडलं.

५.६ उबुंटूच्या भांडारात मिळत नाही. ते ओंद्रेय सुरी यांच्या भांडारातून घ्यायला लावलंत. डेबियनसाठी पीएचपीची पॅकेजं बांधणारे हे चेक गृहस्थ जुन्या आवृत्त्याही नव्या उबुंटूवर बसतील अशा बांधून ठेवतात. त्यांचेही आभार या पत्रातच मानतो. मग जुनं मॉड्यूल बंद केलं, अपाचेची काम वाटायची पद्धत प्रीफोर्कवरून इव्हेंटवर आणली, निरोप पोचवणारं प्रॉक्सी-एफसीजीआय चालू केलं. तालिकेच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (अपाचेमधली त्या स्थळाची वेगळी मांडणी) काम कुणाकडे द्यायचं ते सांगणारी सेटहँडलरची ओळ ५.६ च्या सॉकेटकडे वळवली, संकेतस्थळाच्या होस्टमध्ये ८.१ च्या. रीस्टार्टच्या आधी दर वेळी मांडणी तपासणारं कॉन्फिगटेस्ट चालवायला लावलंत आणि 'सिंटॅक्स ओके' मला मोठ्यानं वाचायला सांगितलंत.

संकेतस्थळ आलं. तालिकेवर ५०३, म्हणजे पलीकडे कुणी निरोप घेत नाही. 'सॉकेटचं नाव अक्षर अक्षर वाचा.' मी ५.६ मधला टिंब गाळला होता. तो घातला तर ५०३ जाऊन ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक. तुम्ही म्हणालात, 'छान, पुढे सरकलो. आता लॉग वाचा.' एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचेसाठी फोल्डरपुरत्या सूचनांची फाइल) सरांनी मेमरी लिमिट वाढवणारी पीएचपी व्हॅल्यूची ओळ घातली होती, ग्रंथपडताळणीचा मोठा अहवाल निघावा म्हणून. मॉड्यूल गेल्यावर ती ओळ अपाचेला कळेना आणि त्यानं सगळंच अडवलं. ती तिथून काढून, पीएचपी स्वतः वाचतं त्या यूझर आयएनआय नावाच्या फाइलीत ठेवली. तालिका उघडली! पण अहवाल अजून अर्ध्यावर तुटत होता. मी पुन्हा फाइल उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'हात लावू नका. ही फाइल तीनशे सेकंदांनी एकदा वाचली जाते. पाच मिनिटं बसू.'

ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. तोवर मी तुम्हाला सरांच्या दोन फाइली पाठवल्या होत्या. त्या वाचता वाचता तुम्ही म्हणालात, 'केवढं नीट लिहिलंय हो.' सर टिपा मराठीत लिहायचे. त्यातली एक तुम्ही वाचून दाखवलीत: 'दाखल क्रमांक कधीही पुन्हा वापरू नये. पुस्तक गहाळ झाले तरी क्रमांक त्याचाच.' सर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावातल्या कुणी त्यांचा कोड वाचलेला नव्हता, वाचणार तरी कोण? तो चांगला आहे हे जाणत्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

पाच मिनिटं झाली, अहवाल पूर्ण निघाला. शेवटच्या पानावर दाखल क्रमांक ३१,४०७.

मी आभार मानायला लागलो, पण तुमचं काम संपलं नव्हतं. ५.६ ला २०१८ च्या अखेरीपासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा हे दार जगाला उघडं ठेवायचं नाही, असं बजावलंत. तालिका फक्त ग्रंथालयाच्या आयपीवरून उघडेल असं केलं. ५.६ च्या पूलला, म्हणजे त्याच्या चालत्या प्रोसेसना, वेगळा युझर दिला, म्हणजे जुन्यात कुणी शिरलाच तरी संकेतस्थळाच्या फाइली त्याच्या हाती लागू नयेत. हे मला कधीच सुचलं नसतं. साडेबारा वाजले होते. तुम्ही जेवला होतात का, हे मी विचारलंच नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

आणि सकाळी सव्वासहाला फोन तुमचाच. 'मुदत संपलेल्यांची यादी निघाली का?' निघाली नव्हती. ती क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतून, निघते, आणि तिथे नुसतं 'पीएचपी' लिहिलं होतं, म्हणजे ८.१. तुम्हाला ते रात्री अंथरुणावर आठवलं होतं. पूर्ण पत्ता लिहून ५.६ दिलं आणि यादी आली. सोडून गेलेल्या गावच्या यादीसाठी कोण सकाळी उठून फोन करतं, ताई?

'ही सोय आहे, कायमचा मुक्काम नाही,' असं तुम्ही म्हणाला होतात, ते विसरलेलो नाही. रोज संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर थोडं थोडं करून सरांच्या फाइली पीडीओवर, म्हणजे डेटाबेसला जोडायच्या नव्या पद्धतीवर, आणतोय. सतरा झाल्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी आहेत म्हणूनच हे जमतंय: एक फाइल बदलायची, ८.१ वर चालवायची, ५.६ च्या उत्तराशी ताडायची. सरांच्या टिपांना हात लावलेला नाही.

दिवाळीत गावी याल तेव्हा देवघेवीच्या खिडकीवर या. तुमचं सभासदत्व नवं करून ठेवलंय, क्रमांक शाळेत असतानाचाच आहे. आणि त्या दिवशी जेवण आमच्याकडे.

आपला,
ग्रंथालयातला सहायक